फळीचा आवाज

सरकारी कागदावर माझं पद नाही.
मानधन निघतं 'साहित्य, इतर' या खात्यातून,
चेंडूंच्या खाली आणि पाण्याच्या टँकरच्या वर.
कारकून दर महिन्याला विचारतो,
टेंबेसाहेब, मनाचं कोचिंग म्हणजे नेमकं करता काय?
मी म्हणतो, बसतो.
तो लिहून घेतो: बैठक.

बसतोच मी.
कंपूच्या मैदानावर, सकाळी सहाला,
टर्फवर पाणी मारून झालेलं,
किल्ला धुक्यातून अर्धाच वर आलेला,
आणि मुली पॅड बांधतायत.
श्वास मोजा, म्हणतो.
चार आत, सहा बाहेर.
एवढ्याशाचे पैसे घेताना आधी लाज वाटायची.

मी गोलकीपर होतो, रेल्वेच्या दुसऱ्या संघाचा.
म्हणजे पहिल्या संघाने उतरवलेले पॅड,
टीटीई ओळखीचा असला तर बर्थ,
नसला तर दाराजवळ किटबॅगवर मान टाकून
बीना, इटारसी, भुसावळ.
अकरा वर्षं मी आरएसीत होतो.
बसायला जागा, झोपायला नाही.

मग झाशी. चौऱ्याण्णव. उपांत्य सामना.
निवड समितीतले दोघे मांडवात भजी खात बसलेले.
मिनिटभर उरलेलं, आणि लांबून एक साधा चेंडू,
माझ्या आईनेही पायाने अडवला असता.
मी चेंडूकडे पाहिलं नाही, भज्यांकडे पाहिलं.
बघतायत का ते?

ठक्.

तो आवाज अर्ध्या मैदानाला सणासारखा वाटतो.
गोलकीपरला
बाहेरून लावलेल्या कडीसारखा.

माझ्याबरोबर घरी आला तो.
आई वेलची कुटायची, ठक्.
दौलतगंजातल्या सुताराच्या गल्लीने जाणं मी सोडलं.
अरे, एकच तर गोल, ती म्हणायची.
हो ना, मी म्हणायचो, एकच.

राखी बघेल, भितरवारची, सतरा वर्षांची.
चित्त्यासारखी झेपावते,
पण स्ट्रोकच्या वेळी गुडघे तिचं ऐकत नाहीत.
गेल्या मंगळवारी पट्टे सोडता सोडता म्हणाली,
"सर, आपकी वो आवाज गई क्या?"

उत्तरं असतात माझ्याकडे.
पुण्याच्या सहा महिन्यांच्या कोर्सात मिळालेली,
स्पायरल बांधलेली, रंगीत आकृत्यांसकट.
फाईल पिशवीतच राहिली.
"नहीं," मी म्हणालो.

ती हसली नाही, बरं झालं.
मग मी तिला गोलकडे तोंड करून उभं केलं,
शंभर चेंडूंची बादली शेजारी ओतली.
आज अडवायचं नाही. तूच मार.

ठक्.
वीसपर्यंत ती दचकत होती.
चाळिसाला कंटाळली.
साठाच्या आसपास थांबली, घाम पुसला,
फळीजवळ जाऊन बोटाने वाजवून आली.
"सर, लकड़ी है."
"हां."
"बीच में पोली है. किनारे पे अलग बजती है."

तीस वर्षं तो आवाज माझ्या घरात राहतोय,
जेवतोय, कूस बदलतोय,
आणि मला ठाऊक नव्हतं
की फळी कडेला वेगळी वाजते.

रविवारी तिने दोन गोल खाल्ले. हरलो.
कुठल्याही अहवालात घालण्यासारखं काही नाही.
फक्त दुसऱ्या गोलनंतर
तिने हेल्मेट वर केलं, पाणी प्यायली,
टाचेने मागच्या मागे फळीला हलकेच ठोकलं,
आत कुणी आहे का, बघावं तसं,
आणि पुन्हा वाकून उभी राहिली.

मी कठड्यावर बसून मोजत होतो.
चार आत.
सहा काही पुरे होत नव्हते.
शेजारच्या अनोळखी माणसाने
मंगोड्यांचा कागद पुढे केला.
मैदानावरची नजर न काढता
चाचपडत
मी एक उचललं.